चिठ्ठीत असेल ते

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एका वर्गालाही शिकवलं नव्हतं. तरी सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, तो त्यांच्या अक्षरासाठी. बेकरीच्या मागच्या खोलीत फिरत्या थाळीवर केक ठेवायचा, बटर पेपरचा कोन करून त्यात क्रीम भरायचं आणि टोकातून बारीक दोरी सोडत नावं लिहायची, हे काम ते तेहेतीस वर्षं करत होते. जेवणाची वेळ चुकली असेल, पण त्यांची वेलांटी कधी चुकली नाही. त्या भागातली कितीतरी पोरं आपलं नाव वहीत लिहायच्या आधी मास्तरांच्या केकवर वाचायला शिकली.

माणूस सरळ. जरा जास्तच सरळ, असं त्यांची बायको म्हणायची. ती कपड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागाची मुख्य होती, हाताखाली चाळीस माणसं. तिला सकाळी सातला घर सोडावं लागे, म्हणून सकाळचा स्वयंपाक मास्तरांकडे. ते पोळपाटावर पोळ्या लाटताना गुणगुणत आणि ती दारात चप्पल घालता घालता ‘मीठ बघा हं’ म्हणून बजावत असे. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. निदान पोरगा एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तरी नाही.

बेकरीत दोन नियम होते आणि दोन्ही मास्तरांच्या अंगात मुरलेले. पहिला नियम, चिठ्ठीत असेल ते लिहायचं. काउंटरवर ऑर्डर घेणारा माणूस एका कागदाचे दोन भाग करायचा. एका भागावर गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता, तो खोक्याला चिकटायचा. दुसऱ्यावर नुसता नंबर आणि मजकूर, तो मागच्या खोलीत मास्तरांसमोरच्या तारेला अडकायचा. फार वर्षांपूर्वी एका चिठ्ठीवर ‘म्हाताऱ्या, अजून किती जगणार?’ असं आलं होतं. मास्तरांना ते बरं वाटेना, म्हणून त्यांनी आपल्या मनानं ‘शतायुषी व्हा’ लिहून दिलं. संध्याकाळी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ केक घेऊन परत आले आणि अर्धा तास तणतणले. पन्नास वर्षं जुन्या दोस्तासाठी केलेल्या थट्टेवर मास्तरांनी पाणी ओतलं होतं. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. लोक केकवर काय काय लिहून घेतात त्याला सुमार नाही. गाढव, जाड्या, बैलोबा. आपण अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही.

दुसरा नियम त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला. शिकणाऱ्याला तोंडावर शाबास म्हणायचं नाही, हात सैल पडतो. उस्तादांनी मास्तरांना बारा वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नाही आणि मास्तरांचा हात असा बसला, तेव्हा नियम खरा असणार, एवढा साधा हिशोब होता. या दोन नियमांनीच पुढे त्यांचं घर बुडवलं. पण तेव्हा ते कोणाला दिसणार?

पोराला घरात बाळ्या म्हणत. नवव्या वर्षी तो शाळेतून थेट बेकरीत यायचा आणि स्टीलच्या ताटाच्या पाठीवर क्रीमनं अ, आ गिरवायचा. पुसायचा, पुन्हा गिरवायचा. बाराव्या वर्षी मास्तरांनी त्याच्या हातात फुलाचा खिळा दिला. चपट्या डोक्याचा तो खिळा डाव्या बोटांत फिरवत उजव्या हातानं त्यावर एकेक पाकळी चढवायची, की गुलाब होतो. म्हणजे व्हायला हवा. बहुतेकांचा कोबी होतो. बाळ्याचा तिसऱ्या दिवशी गुलाब झाला. पंधराव्या वर्षी त्याच्या पाकळीला अशी पातळ कड यायला लागली की मास्तर दिव्याखाली धरून बघत राहिले. मग म्हणाले, “हं. पुढचं कर.”

एवढं म्हणून ते हात पुसत बाहेर काउंटरवर गेले. तिथे एक मुलगी बसायची. कॉलेज करून चार तास काम करणारी, बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून मास्तरांनी तिचं नाव टपटप ठेवलं होतं. तिला ते हळूच म्हणाले, “पोराचा हात बघितलास? माझ्यात नाही तो. माझ्या उस्तादांतही नव्हता.”

“मग त्याला सांगा की काका.”

“छे. बिघडेल. तुला वाटलं तर तू सांग, पण माझं नाव घेऊ नकोस.”

टपटपनं सांगितलं. पुढची चार वर्षं ती सांगत राहिली. मास्तर आत ‘हं’ म्हणत, बाहेर येऊन तिच्यापाशी मन मोकळं करत आणि ती डबा खाताना बाळ्याला म्हणे, “आजचा गुलाब काय झालाय रे. असा हात कोणाचा नाही.” बाळ्या खाली मान घालून हसायचा. मास्तर काचेतून बघायचे आणि त्यांना वाटायचं, सगळं कसं छान चाललंय.

टपटपला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शेवटच्या दिवशी बाळ्यानं तिला मागच्या दारी गाठलं आणि मनातलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, नाही म्हणाली, आणि चांगल्या शब्दांत म्हणाली. मित्र म्हणून आवडतोस, तसं काही माझ्या मनात कधी नव्हतं, असं. कोणी कोणाला यापेक्षा चांगला नकार देऊ शकत नाही. बाळ्या त्या दिवशी घरी आला तो न जेवता झोपला. मास्तरांच्या कानावर आलं होतं. त्यांना वाटलं, वय आहे, होतं असं, आठ दिवसांत गाडी रुळावर येईल. बायको म्हणाली, “तुम्ही बोला की त्याच्याशी.” मास्तर गादीच्या कडेला दहा मिनिटं बसले, त्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि उठून आले. बोलायचं म्हणजे काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

ते ज्याला माहीत होतं, तो बाळ्याच्या फोनमध्ये होता. सगळी पोरं त्याला सर म्हणत. दाढी कोरलेली, दंड शर्टात न मावणारे, मागे महागडी गाडी. सर रोज सकाळी पाच मिनिटं बोलायचे. सुरुवातीला सगळं चांगलंच होतं, हे कबूल करायला हवं. लवकर ऊठ, गार पाण्यानं आंघोळ कर, ताठ चाल. बाळ्या ताठ चालायला लागला तेव्हा मास्तर खूश होते. तो तळघरातल्या जिममध्ये जायला लागला तेव्हाही खूशच. फक्त एक कळेना. जिममध्ये ऐंशी किलो उचलणाऱ्या पोराच्या कमरेत मैद्याचं पोतं दिसलं की उसण कशी भरते? असं ते चेष्टेनं म्हणालेही. बाळ्या हसला नाही. सरांनी हसण्याबद्दलही काहीतरी सांगितलं असावं.

मग हळूहळू एकेक गोष्ट गळायला लागली. जेवलेलं ताट जागेवरच राहायला लागलं. ‘बाळ्या म्हणू नका’ झालं. आई काही विचारायला गेली की उत्तर बापाकडे बघून यायचं. एकदा सकाळी मास्तर पोळ्या लाटत असताना तो दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, तुम्हाला कधी लाज नाही वाटली?”

“कशाची?”

“ती कमावते जास्त, तुम्ही पोळ्या लाटता. सर म्हणतात ते खरं आहे. वाकत गेलं की माणूस वाकडाच राहतो.”

मास्तरांनी पोळी तव्यावर टाकली. रागवावं की हसावं ते न कळून ते म्हणाले, “तू किती खाणार? तीन की चार?”

त्याच आठवड्यात त्यानं फुलाचा खिळा खाली ठेवला. गुलाब करणं बायकी काम आहे, मी करणार नाही म्हणाला. बेकरीच्या मालकीणबाई समजूतदार. टपटपची जागा रिकामीच होती, तिथे फोनवर ऑर्डरी घ्यायला त्यांनी त्याला बसवलं. मास्तर आत एकटे राहिले. त्यांचा उजवा हात अलीकडे अधूनमधून थरथरायचा, म्हणून खरं तर आता त्यांना पोराची गरज होती. ते बोलले नाहीत. पोराचा खिळा मात्र ते रोज धुऊन, पुसून जागेवर ठेवत.

आणि मग ती दुपार आली. तारेला चिठ्ठी होती, नंबर सतरा. ‘मिरवून घे, तुझी लायकी आम्हाला ठाऊक आहे.’ बाजूला कोपऱ्यात ‘गुलाब सहा’. मास्तरांनी वाचलं आणि मनातल्या मनात हसले. असेल कोणी पोरापोरांचं टोळकं, दोस्ताची खेचतायत. त्या दिवशी हात अगदी स्थिर होता, महिन्याभरात नव्हता इतका. त्यांनी लाल क्रीम कोनात भरलं आणि एका श्वासात ओळ उतरवली. बाळ्या खोकं घ्यायला आत आला होता. तो दाराशी थांबला आणि पूर्ण ओळ होईपर्यंत बघत उभा राहिला.

“बघ,” मास्तर म्हणाले, “‘ठाऊक’मधला ठ बघ कसा बसलाय. असा वर्षातून एखादाच येतो.”

 बाळ्यानं केक खोक्यात सरकवला, झाकण लावलं, नावाची चिठ्ठी चिकटवली आणि घेऊन गेला. पोरगा कितीतरी महिन्यांनी आपलं काम बघत उभा राहिला, याचाच मास्तरांना त्या संध्याकाळी आनंद होता. त्यांनी घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपटप आली. हातात खोकं. केक कोणी कापलेला नव्हता. डोळे सुजलेले. तिनं खोकं मास्तरांच्या फिरत्या थाळीवर ठेवलं आणि उघडलं. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाली होती. तिच्या आईनं फोन करून केक सांगितला होता, ‘अभिनंदन आमच्या नर्सबाई’ एवढंच. घरात आजी, मावश्या, शेजारी, वसतिगृहातल्या मैत्रिणी. झाकण आजीनं उघडलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

“काका,” ती म्हणाली, “बाकी कोणी लिहिलं असतं तर मी फेकून दिलं असतं. पण अक्षर तुमचं. माझे चार वाढदिवस या अक्षरात झालेत. रात्रभर मी विचार करतेय, मी तुमचं काय वाईट केलं.”

 मास्तर ‘ठ’कडे बघत राहिले. तो अजूनही तितकाच सुंदर होता, हेच त्यांना सहन होईना. मग त्यांनी तारेवरच्या जुन्या चिठ्ठ्यांतून सतरा नंबर शोधून काढला. त्यावरचं अक्षर ओळखायला त्यांना क्षण लागला नाही. ताटाच्या पाठीवर त्यांनीच गिरवून घेतलं होतं ते.

ते चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेले. मालकीणबाई तिथेच होत्या. मास्तरांनी आवाज चढवला नाही, त्यांना तो चढवता येत नसे.

“हिची माफी माग.”

“पुरुष माफी मागत नसतो,” बाळ्या म्हणाला. पाठ केल्यासारखं म्हणाला.

“तू हे लिहिलंस.”

“मी कुठे लिहिलं? लिहिलं तुम्ही. हात तुमचा होता.” मग जरा थांबून, “वाचलं होतंत ना? मग थांबवायचं होतं. तुम्हाला कोणी काही लिहायला सांगितलं तर तुम्ही लिहिता. आयुष्यभर तेच केलंत.”

मास्तरांना वाटलं असतं तर ते गप्प बसू शकले असते. पोराची नोकरी वाचली असती. पण त्यांनी मालकीणबाईंकडे वळून एवढंच सांगितलं, “ताई, शब्द माझ्या मुलाचे, अक्षर माझं. दोघांनाही काय द्यायची ती शिक्षा द्या.” मालकीणबाईंनी मास्तरांना ठेवलं. बाळ्यानं शिक्षेची वाट पाहिली नाही. तो घरी गेला, कपड्यांची बॅग भरली आणि आई कारखान्यातून यायच्या आत जिमच्या दोस्तांकडे राहायला गेला.

पंधरा दिवसांनी मास्तर टपटपच्या घरी गेले. मोकळ्या हातानं गेले, केक घेऊन जायची त्यांची छातीच झाली नाही. तिच्या आजीची माफी मागितली, आईची मागितली. टपटप त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली, तेव्हा जिन्यातच थांबून म्हणाली, “काका, एक विचारू? तुम्ही माझ्याजवळ त्याचं कौतुक करायचात, ते मी त्याला सांगायचे. तुमचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून माझं म्हणून सांगायचे. त्याला ते माझंच वाटलं का हो? मी गेले त्या दिवशी मागच्या दारी तो मला म्हणाला होता, ‘या जगात माझं काम आवडणारी तू एकटीच आहेस.’ मी म्हटलं, असं काय बोलतोस. पण तुमचं नाव नाही घेतलं. शब्द दिला होता ना तुम्हाला.”

मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

“माझं चुकलं का काका?”

“तुझं काही चुकलं नाही, बाळ,” ते म्हणाले. “त्यानं केलं ते त्याचं पाप आहे. आणि उरलेलं माझं.”

घरी येऊन त्यांनी बायकोकडून फोन कसा चालवायचा ते शिकून घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत मैद्याच्या पोत्यावर बसून सरांची भाषणं ऐकायला लागले. एकामागून एक, सगळी. बायकांबद्दलचं ऐकताना, स्वतःच्या आईबद्दल हा माणूस असं बोलेल का, असं ते मनात म्हणायचे. पण ते दुसरंच काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना नवव्या की दहाव्या दिवशी सापडलं. भाषणाच्या शेवटी सर कॅमेऱ्याच्या जवळ आले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगतो. तू कोणापेक्षा कमी नाहीस. शाबास, माझ्या वाघा.” प्रत्येक भाषणाच्या शेवटी ते तसंच म्हणत होते. मास्तरांनी मागे जाऊन पुन्हा पुन्हा तपासलं. एकही दिवस चुकलेला नव्हता. लाखो पोरांना एकच शाबासकी, आणि त्यांतल्या एकाला ती घरात मिळायला हवी होती. मास्तर पोत्यावर बसून रडले. मालकीणबाई आत आल्या आणि तशाच पाठमोऱ्या झाल्या.

मग एका दुपारी ते जिमच्या तळघरापाशी गेले. बाळ्या आता तिथेच काम करत होता, नव्या पोरांना शिकवायचा. तो दारापर्यंत वर आला. दाढी कोरलेली, हाताची घडी. उजव्या मनगटाला जाड पट्टा बांधलेला. वजनांनी मनगट गेलं असणार. त्या हाताला आता खिळ्यावरची पाकळी जमणार नाही, हे मास्तरांना बघताक्षणी कळलं.

“काय काम आहे?”

मास्तरांनी वाटेत सगळं पाठ केलं होतं.  “सांगायचं होतं,” ते म्हणाले. “तुझ्या पाकळीला कड यायची. माझ्या पाकळीला कधी आली नाही. उस्तादांच्याही नाही. तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हापासून मला माहीत आहे. टपटप जे सांगायची, ते माझं होतं. सगळं माझंच होतं. मी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चुकलो.”

बाळ्याची हाताची घडी सुटली. खालचा ओठ आत गेला. लहानपणी ताटावरचं अक्षर बिघडलं की जायचा तसा, अगदी तसाच. तो काहीतरी बोलणार होता. मास्तर आजही शपथेवर सांगतात की तो बोलणार होता.

तेवढ्यात खालून एका पोराचा आवाज आला, “कोण आहे रे वर?”

बाळ्यानं खाली बघितलं. पायऱ्यांवर तीन-चार पोरं मान वर करून उभी होती. त्यानं पुन्हा हाताची घडी घातली.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “केकवाला आहे.”

आणि पायऱ्या उतरून गेला.

मास्तर बेकरीत परत आले. तारेवर चार चिठ्ठ्या होत्या. आता ते प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचतात आणि काही वेडंवाकडं वाटलं की बाहेर येऊन गिऱ्हाइकाला फोन लावायला सांगतात. लोक हसतात, मास्तर म्हातारे झाले म्हणतात. त्या दिवशी त्यांनी चारही ओळी लिहिल्या. अक्षर जरा हललं. खिळा धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. चप्पलही काढली नव्हती तिनं.

“भेटला?”

“भेटला. बरा आहे. दाढी वाढवलीय.”

“काय म्हणाला?”

मास्तरांनी पिशवी खुंटीला अडकवली. तिच्याकडे न बघता म्हणाले, “ओळखलं त्यानं मला.”